पंच नसता तर आपण हरलो असतो

आर्णीत आजवर एकही कबड्डी संघ हरलेला नाही. खोटं वाटत असेल तर बस स्टँडच्या आसपास कोणत्याही पानठेल्यावर विचारून पाहावं. कापूस घरात आला, तूर सोंगून झाली, की तालुक्यात गावोगावी रात्रकालीन खुल्या सामन्यांचे बॅनर लागतात. ३२ संघ येतात, ३१ बाद होतात, चषक एकच असतो, हे गणित कुणी नाकारत नाही. पण बाद होणं वेगळं आणि हरणं वेगळं. त्या ३१ संघांची नीट चौकशी केली तर कळतं, की काहींना भाग्यपत्रिकेनं मारलं, काहींना पंचानं मारलं, आणि उरलेल्यांचा हुकमी चढाईपटू नेमका त्या रात्री मावसभावाच्या हळदीला गेला होता. समोरचे आपल्यापेक्षा चांगले खेळले, हे वाक्य अरुणावतीच्या दोन्ही काठांवर अजून कुणी उच्चारलेलं नाही. शहाणी माणसं याला रडीचा डाव म्हणतात. मला त्यात या खेळाचा पाया दिसतो. पंच चुकतो म्हणून कबड्डी टिकली आहे. ज्या दिवशी तो बिनचूक होईल त्या दिवशी तालुक्यातली निम्मी क्रीडा मंडळं बंद पडतील, आणि उरलेली निम्मी पानठेलेवाल्यांना नुकसानभरपाई देत बसतील.

तक्रारीची सुरुवात भाग्यपत्रिकेपासून होते, म्हणजे मैदानात एकही चढाई होण्याआधी. पत्रिका काढण्याची रीत इतकी स्वच्छ असते की तिच्यावर संशय घ्यायला प्रतिभाच लागते. संघांच्या नावांच्या चिठ्ठ्या, पेढ्यांचा रिकामा डबा, आणि चिठ्ठी उचलायला एखादं चार वर्षांचं लेकरू, ज्याला ना वाचता येतं ना पैसे खाता येतात. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा संवाद ठरलेला:

"पहिल्या फेरीत कच्चा संघ त्याहीलेच कसा भेटला बे?"

"चिठ्ठीच तशी निघाली ना भाऊ."

"काढली कोनं?"

"चार वर्साच्या पोरानं."

"पोरगं कोनाचं होतं, ते सांग."

इथं बचाव पक्ष गारद होतो, कारण पोरगं कुणाचं तरी असतंच, आणि तालुक्याच्या गावात कुणाचंही कुणाशी तिसऱ्या पायरीला नातं निघतं. तगडे संघ आरंभीच एकमेकांना भिडू नयेत म्हणून मानांकन द्यावं, अशी सूचना दरवर्षी येते आणि दरवर्षी बारगळते. मानांकन द्यायचं तर तगडा कोण हे आधी ठरवावं लागतं, आणि त्यासाठी बैठक बोलावली की ३२ च्या ३२ संघ पहिल्या चारांत बसतात.

यावर कुणी म्हणेल, हा खेड्यातला कारभार झाला, मोठ्या लीगमध्ये सगळं गणितानं चालतं. त्यानं प्रो कबड्डीचाच इतिहास चाळावा. २०१४ च्या पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि त्यातले चार उपांत्य फेरीत गेले. एवढं साधं होतं. (त्याच वर्षी मार्चमध्ये आर्णी तालुक्यातल्या दाभडीला 'चाय पे चर्चा' झाली. देशाला ती कल्पना नवी वाटली. आर्णीकरांना आपण रोज करतो ते टीव्हीवर कसं आलं एवढंच कोडं पडलं.) २०१७ मध्ये बारा संघ झाले आणि त्यांचे दोन विभाग पाडले. मग विभाग गेले आणि सहा संघ पुढे, त्यातले पहिले दोन थेट उपांत्य फेरीत, अशी पद्धत आली. २०२५ मध्ये सहाचे आठ झाले. प्ले-इन, मिनी क्वालिफायर, एलिमिनेटर अशा इतक्या पायऱ्या लागल्या की आपला संघ हरून घरी चालला आहे की हरून पुढच्या फेरीत चालला आहे, हे समजायला वही-पेन घेऊन बसावं लागलं. आणि एवढा जिना चढून माळ्यावर पोहोचले कोण? साखळीत जे पहिले दोन होते तेच, पुणेरी पलटण आणि दबंग दिल्ली. दिल्लीनं ३१-२८ असा सामना मारला. "ह्या दोघाइलेच खेळवाचं होतं तं बाकीच्याइनं कायले दम खाल्ला?" या ठेल्यावरच्या प्रश्नाला लीगच्या गणितात उत्तर नाही.

त्याच लीगनं अनेक वर्षं आणखी एक नियम पाळला, तो माझ्या मुद्द्याला फार उपयोगी आहे. जिंकणाऱ्याला ५ गुण, आणि ७ किंवा त्याहून कमी फरकानं हरणाऱ्याला १ गुण. म्हणजे थोडक्यात हरणं हे पुरतं हरणं नव्हे, हे खुद्द नियमपुस्तकानं लिहून दिलं होतं. २०२५ मध्ये तो गुण काढून टाकला. जिंकेल त्याला २, हरेल त्याला भोपळा. आर्णीनं हा बदल मान्य केलेला नाही. इथं सातच्या आतली हार अजूनही धरत नाहीत, आणि सातच्या वरची हार मोजून पाहायला कुणी मैदानात थांबत नाही.

आता पंचाकडे वळू, कारण खरा माल तिथं आहे. मॅटवरची कबड्डी पाहून ज्यांची मतं बनली त्यांना मातीवरच्या पंचाची अवस्था कळणार नाही. संध्याकाळी रेषा फक्कीनं ठसठशीत मारलेल्या असतात. रात्री साडेअकराला तिसरा सामना लागतो तेव्हा बोनस रेषेवरून शेकडो पावलं घासत गेलेली असतात. मधला तीन-चार फुटांचा तुकडा साफ गायब, दोन्ही टोकांना पांढरे ठिपके, आणि बाकीची फक्की खेळाडूंच्या गुडघ्यांवर. बोनस म्हणजे काय, तर समोर निदान सहा खेळाडू असताना चढाईपटूचा एक पाय त्या रेषेपलीकडे टेकलेला हवा आणि त्याच क्षणी दुसरा हवेत हवा. म्हणजे जी रेषा नाही तिच्या पलीकडे, जो पाय थांबला नाही तो टेकला का, आणि त्या वेळी दुसरा पाय कुठं होता, हे पंचानं पापणी लवायच्या आत सांगायचं; तेही त्याच्या पाठीमागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे असलेले चाळीस जण आधीच निकाल देऊन मोकळे झालेले असताना. या परिस्थितीत पंच जे करतो त्याला न्यायदान म्हणणं धाडसाचं आहे. ते भविष्य सांगणं असतं, फक्त भूतकाळाचं.

"पाय पडला ना सर! ढळढळीत पडला!"

"रेषेवर होता."

"रेष कुठी हाये?"

"म्हणूनच तर."

भरीला माइकवाला असतो. पंचाचा हात वर जायच्या आत तो गर्जना करतो, की या बोनसबद्दल अमक्या कृषी केंद्राकडून ५१ रुपये रोख! आता बक्षीस जाहीर झालं म्हटल्यावर गुण नाकारणं म्हणजे दात्याचा अपमान. आणि त्या दात्याकडून निम्म्या गावाला पुढच्या हंगामात उधारीवर खत घ्यायचं असतं. दमाचं प्रकरण तर याहून बिकट. चढाईपटूनं 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, दम तुटला की बाद. हा खेळाचा आत्मा. पण तो दम ऐकू यायला हवा ना! एकीकडे भोंगा, दुसरीकडे जनरेटर, तिसरीकडे 'गाडी क्रमांक अमुक रस्त्यात उभी आहे' ही उद्घोषणा. त्यात चढाईपटू खरंच कबड्डी म्हणतो आहे की पंचाबद्दल काही म्हणतो आहे, हे त्याचे ओठ पाहून ठरवावं लागतं, आणि दोन्ही वेळा ओठ साधारण सारखेच हलतात. नियमानं एक सरपंच, दोन पंच, दोन रेषापंच आणि गुणलेखक असतात. एवढे डोळे असल्यावर चूक कमी व्हावी, असं पुस्तक म्हणतं. प्रत्यक्षात संशय घ्यायला सहा जागा होतात. गावचा सरपंच बक्षीस द्यायला व्यासपीठावर बसतो आणि सामन्याचा सरपंच शिव्या खायला मैदानात उभा राहतो, हे श्रमविभाजन मात्र सगळ्यांना मान्य असतं.

इथं सुशिक्षित वाचकाचा आक्षेप येणार, की कॅमेरे लावा, रिप्ले दाखवा, भांडणं मिटतील. या आक्षेपाला ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊत उत्तर मिळालेलं आहे. आशियाई क्रीडा स्पर्धेचा अंतिम सामना, भारत आणि इराण, गुण २८-२८, खेळ संपायला मिनिट-दीड मिनिट बाकी. पवन सेहरावत चढाईला गेला, कुणालाही न शिवता कडेच्या पट्टीत, म्हणजे लॉबीत गेला, आणि त्याला धरायला इराणचे खेळाडू त्याच्या मागोमाग लॉबीत. जुन्या नियमानं मागोमाग गेलेले सगळे बाद. नव्या नियमानं एकटा चढाईपटू बाद. कॅमेरे होते, रिप्ले होता, आंतरराष्ट्रीय पंच होते. काय घडलं ते सगळ्यांना दिसलं, अगदी बोटं मोजण्याइतकं स्वच्छ दिसलं. तरी निकाल एकदा इकडे गेला, एकदा तिकडे गेला, खेळाडू मॅटवर फतकल मारून बसले आणि सामना जवळपास तासभर थांबला. तेवढ्या वेळात आर्णीत एक सामना, एक हाणामारी आणि तिचा समेट असं तिन्ही उरकतं. अखेर भारत ३३-२९ नं जिंकला. त्या दिवशी अख्खी आर्णी जुन्या नियमाची कट्टर अनुयायी होती. डिसेंबरात प्रो कबड्डी सुरू झाली तशी ती नव्या नियमाला शरण गेली, आणि मधल्या काळात मत बदललं असं कुणालाच वाटलं नाही.

बरं, सामना झाल्यावर शांतपणे तपासून चूक जाहीर केली तर? तेही करून झालं आहे. अमेरिकेतली एनबीए ही बास्केटबॉल लीग २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल दुसऱ्या दिवशी छापते. पंचाची कोणती शिट्टी बरोबर, कोणती चूक, कोणती वाजायला हवी होती आणि वाजली नाही, सगळं कबूल. निकाल मात्र बदलत नाही. अमेरिकन प्रेक्षक शांत झाला का? उलट पूर्वी तो नुसता ओरडत होता, आता हातात कागद घेऊन ओरडतो. शिवाय अहवाल शेवटच्या दोनच मिनिटांचा, तेव्हा आधीच्या सेहेचाळीस मिनिटांबद्दल लीगला काय लपवायचं आहे, हा नवा प्रश्न त्याला सापडला. आपल्याकडे असा अहवाल सुरू झाला तर त्याच्या छपाईचं काम कुणाच्या मेहुण्याला मिळालं इथून सुरुवात होईल.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो बहुधा व्यायामशिक्षकांकडून येतो: हार खिलाडूवृत्तीनं स्वीकारावी. म्हणायला सोपं आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याचे शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले आणि अमेरिका सोव्हिएत संघाकडून ५१-५० अशी हरली. माफ करा, बाद झाली. त्या अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदकं घेतली नाहीत. अर्धशतक उलटलं, अजून घेतलेली नाहीत. त्यांतल्या एकानं तर मृत्युपत्रातच लिहून ठेवलं की आपल्या मागे वारसांनीही ते पदक स्वीकारायचं नाही. वावर, विहीर आणि बोनसचा वाद पुढच्या पिढीच्या नावे करणारा माणूस फक्त यवतमाळ जिल्ह्यात जन्मतो असा गैरसमज असेल तर तो इथं दूर व्हावा. आणि जिथं पंचाचं नाव घ्यायला वावच नसतो, तिथंही आपला माणूस हात टेकत नाही. २०१८ मध्ये जकार्त्यात भारताच्या पुरुषांना उपांत्य फेरीत इराणनं २७-१८ असं लोळवलं. १९९० पासून प्रत्येक आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण आपलं होतं, ते गेलं. महिलाही अंतिम सामन्यात इराणकडून २४-२७ हरल्या. नऊ गुणांच्या फरकाला काय कारण देणार? कारण सापडलं. इराणच्या महिलांच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.

"हरलो कुठी? शिकोलं कोनं त्याहीले? आपल्या बाईनं. मंग जिकलं कोन?"

"इरान."

"महाराष्ट्र!"

पुरुषांचं काय, असं विचारणारा माणूस त्या ठेल्यावर पुन्हा दिसत नाही.

हा युक्तिवाद महाराष्ट्रापर्यंत येऊन थांबला असता तर बरं होतं, पण आपण विदर्भात आहोत. इथं कोणतीही तक्रार शेवटी अनुशेषाला मिळते. प्रो कबड्डीत मुंबईचा संघ आहे, पुण्याचा आहे. २०१५ ला यू मुंबा जिंकली, १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणाला २८-२५ असं नमवलं. नागपूरचा संघ कुठं आहे? दांडेकर समितीनं १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, वीज असा सगळा अनुशेष मोजला, पण कबड्डीचा रकानाच ठेवला नाही, ही चूक आर्णीकरांच्या मते जाणूनबुजून केलेली आहे. त्यात ऐतिहासिक हक्क आमचा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं तिथं जाऊन कबड्डीचं प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. मुंबई-पुणं तेव्हा कुठं होतं, असा सवाल विचारला जातो आणि त्याला अर्थातच उत्तर नसतं, कारण ती दोन्ही शहरं होती तिथंच होती. त्या प्रात्यक्षिकाबद्दल मात्र आजतागायत एकही वाद ऐकिवात नाही. प्रात्यक्षिकात हारजीत नव्हती. माझ्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा कुठला? जिथं हारजीत नाही तिथं पंचावर आरोप नाही, आणि म्हणूनच त्या सामन्यात कोण किती खेळलं हे अमरावतीबाहेर कुणाला आठवत नाही.

अनुशेषाचा व्यावहारिक परिणाम असा, की आर्णीतला कट्टर प्रेक्षक मुंबई-पुण्याला खिजवायला थेट पाटण्याच्या मागे उभा राहतो. पाटणा पायरेट्सनं लागोपाठ तीन विजेतेपदं मिळवली तेव्हा ज्याला पाटणा नकाशात दाखवता आलं नसतं तोही परदीप नरवालच्या डुबकीवर व्याख्यान देत होता. परदीपनं २०१७ च्या एकाच हंगामात चढाईचे ३६९ गुण घेतले आणि हरियाणाविरुद्ध एका चढाईत ८ गुण आणले, हे नोंदीत आहे. पण नोंदीतल्या खेळाडूची एक अडचण असते, तो नोंदीपेक्षा मोठा होऊ शकत नाही. गावच्या खेळाडूला ही मर्यादा नाही. प्रत्येक गावात असा एक गडी असतोच, जो गुडघा, काका किंवा मुंबईचं राजकारण यांपैकी एक आडवं आलं नसतं तर आज दोन कोटींना विकला गेला असता. त्याच्या चढाया दरवर्षी वाढतात, तो स्वतः मात्र दहा वर्षांपासून खेळलेला नसतो.

"परदीपनं एका रेडमदी आठ आनले."

"आठाचं काय सांगतं? आपल्या भाऊनं बारा आनल्ते."

"समोर सातच असते ना पन?"

"मंग पंचालेबी शिवला असन."

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करायला हवी, कारण ती माझ्या विरोधात जाते: खेळाडू स्वतः यात नसतात. ज्याला बोनस नाकारला तो दोन पावलं चालून आपल्या जागी उभा राहतो. पहाटे दोनला दोन्ही संघ एकाच मंडपात वांग्याची भाजी आणि पोळी खातात, आणि ज्यानं ज्याचा घोटा धरला होता तो त्यालाच मलम मागतो. मग वाद चालवतो कोण? ज्याच्या घोट्याला काही झालेलं नाही तो. सकाळी ठेल्यावर तो खर्रा सांगतो. (खर्ऱ्यावर राज्यात बंदी आहे, त्यामुळे तो उघड्यावरच मिळतो.) ठेलेवाला प्लास्टिकच्या तुकड्यावर सुपारी, तंबाखू, चुना टाकून लाकडी पाटावर तळहातानं घोटू लागतो. सुपारी कोरडी असेपर्यंत पत्रिकेवर चर्चा होते. चुना मुरून रंग बदलू लागला की पंच येतो. आणि पुडीला रबर लागेपर्यंत निकाल फिरलेला असतो. कालचा बाद संघ सकाळी साडेनवाला जिंकतो. दहा वाजता समोरच्या ठेल्यावर दुसरा संघ जिंकतो. एका रात्रीच्या एका सामन्यातून दोन विजेते निघतात, दोन्ही गावं ताठ मानेनं बाजाराला जातात, पुढच्या वर्षी दोन्ही मंडळं प्रवेश फी भरतात. पंच बिनचूक असता तर एक गाव खरोखरच हरलं असतं आणि त्या गावात कबड्डीऐवजी दुसरं काहीतरी सुरू झालं असतं, बहुतेक क्रिकेट.

एवढं सगळं ज्याच्या डोक्यावर उभं आहे त्याला मिळतं काय? एक टोपी, एक नारळ, उपरणं, आणि परतीच्या मोटारसायकलपुरतं पेट्रोल. पत्रकावर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बक्षिसाचे आकडे ठळक, देणाऱ्यांचे फोटो त्याहून ठळक. उत्कृष्ट चढाईला बक्षीस, उत्कृष्ट पकडीला बक्षीस. ३१ संघांची अब्रू वाचवणाऱ्याची मात्र एक ओळ नाही. तेव्हा आर्णी तालुक्यातल्या तमाम आयोजकांना विनंती, की येत्या हंगामाच्या पत्रकात पंचांच्या मानधनाचा आकडा छापावा, तो तिसऱ्या बक्षिसापेक्षा कमी नसावा, आणि तो अंतिम सामन्याच्या आधी, सगळ्यांसमोर, माइकवरून नाव घेऊन त्यांच्या हातात द्यावा. सामन्यानंतर दिला तर तो कोणत्या संघानं दिला यावर पुढचं वर्ष जाईल.